नाव राहिलेली पत्रिका

जगात चोर पुष्कळ पाहिले, पण चोरलेला माल घरोघर दाखवून वर त्याचं बक्षीस घेणारा एकच, आणि तो माझा सख्खा आतेभाऊ आहे. मुंबईचे लोक त्याला मोठा पटकथाकार म्हणतात. त्याच्या मालिका गाजल्या, दोन पुरस्कार मिळाले. म्हणोत बापडे! आम्हा नातेवाइकांना विचारा. त्याच्यासमोर शिंकायचीसुद्धा सोय नाही. ती शिंक चौथ्या भागात ऐकू येते. माझ्या बायकोनं एकदा व्याह्यांच्या चहाला नावं ठेवली, ती वाक्यं जशीच्या तशी एका खाष्ट सासूच्या तोंडी आली. तेव्हापासून तो आला की ही नुसती हसते, बोलत नाही.

लिहायची तऱ्हाही जगावेगळी. लातूरला त्याच्या वडिलांची डाळमिल आहे. तिथं तुरीच्या पोत्यावर बसून हा लिहितो आणि डाळ निवडणाऱ्या बायांना वाचून दाखवतो. बायांचे सुपातले हात थांबले तर पान पास. चालूच राहिले तर टराटरा फाडतो. एकदा त्यानं नायिकेला फार झुरवली, तर एक म्हातारी मान वर न करता म्हणाली, "लई रडायली बाबा ही. हिला कामाला लाव की." पुढच्याच भागात नायिका नोकरीला लागली.

इथवर मी हसण्यावारी नेलं. पण यंदा या गृहस्थानं माझं भांडणच उचललं! सहा वर्षांपूर्वी माझ्या लेकीच्या लग्नपत्रिकेत माझ्या धाकट्या भावाचं नाव राहिलं. पत्रिकेत सख्ख्या काकाचं नाव नाही म्हणजे आमच्याकडे काय होतं, ते वेगळं सांगायला नको. भाऊ हिमायतनगरहून लग्नाला आला नाही, त्यानंतर बोललाही नाही. छापखान्याची चूक, छापखान्याची चूक, असं सगळ्या नांदेडला सांगून मी थकलो. आणि यांच्या मालिकेत थोरला भाऊ म्हणजे निव्वळ ताठ्याचा पुतळा! वर शेवटच्या भागात धाकटा थोरल्याच्या दारात येतो, तीच जुनी पत्रिका पुढं धरतो. तिच्यात त्यानं स्वतःच्या हातानं, पेननं आपलं नाव लिहिलेलं. म्हणतो, "घे, केली दुरुस्त. आता जेवाय वाढ."

माझं डोकंच फिरलं. तडक फोन लावला. "लाज वाटत नाही? आमचं भांडण विकलंस ते विकलंस, न झालेला समेट कशाला दाखवलास?"

तो म्हणाला, "दादा, शेवट काही जमंना. धा वेळा लिहिला, बायांचे हात थांबंनात. मग हिमायतनगरला गेलो. धाकट्या दादानं कपाटातून पत्रिका काढून माझ्या हातात दिली. नाव त्यानंच लिहिलंय, कवाचंच. फकस्त तुमच्या दारात यायचं तेवढं त्याला जमलं न्हाई. तुमी पाहिली ती त्याचीच पत्रिका हाय."

"आणि बाया?" मी विचारलं.

"समद्यांचे हात थांबले."

आतेभाऊ चोर आहे, या मतावर मी आजही ठाम आहे. पण एक गोष्ट त्यालाही सापडली नाही. त्या पत्रिकेचं प्रूफ मीच तपासलं होतं. घाईघाईत वाचलं आणि सही ठोकली. छापखान्याला सहा वर्षं उगीच शिव्या घातल्या. खरं काय ते बायकोलाही ठाऊक नाही. उद्या पहिल्या एसटीनं हिमायतनगरला जातोय. भावाच्या दारात उभं राहून एवढं सांगेन, आणि त्यानं वाढलं तर जेवेन.