टीव्हीवरचा तुडतुडा

जांभ्याच्या पायरीवरून घसरलो आणि मांडीचं हाड मोडलं. आत धातूची पट्टी टाकलीय. तेव्हापासून खाटेवर आहे. खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते, दुसरं काही नाही. माझी हापूसची कलमं वर कातळावर, आणि नेमकी मोहोरावर.

डहाळी तोडून आणा म्हणावं, तर मोहोर तोडून घरात आणायचा नाही हा नियम मीच घातलेला. आता तो मीच कसा मोडू?

मुंबईहून मुलाचा फोन आला होता. "बाबा, परत फवारणी करायची वेळ आली तर बाग करारावर देऊन टाकू. तिकडे बघणारं कोण आहे?"

"मी आहे," म्हटलं. त्यानं "बघू" म्हणून फोन ठेवला. ते "बघू" मला लागलं.

माझं बघायला सून नातवाला घेऊन इथं आलीय; तिला फुलपाखरांचे फोटो काढायचा नाद. तिच्याकडे कॅमेरा आहे, बारकं जवळून टिपणारी लेन्स आहे. ती बागेत जाऊन मोहोराचे फोटो काढी आणि मला टीव्हीवर दाखवी. एके दिवशी मोहोराचा रस शोषणारा तुडतुडा दिसला, बोटाएवढा. दोन दिवसांनी पुन्हा दिसला तो पंजाएवढा.

मी म्हटलं, "अगो, किडा दुप्पट झाला. फवारायला हवं."

"बाबा, टीव्हीवर मोठा दिसतो."

"टीव्ही मोठं दाखवतो हे मला कळतं, मी खुळा नाही. पण टीव्ही परवाही हाच होता ना?"

ती हसली. मी तोंड भिंतीकडे केलं. फवारा म्हणावं तर बाग हातची जाते, नको म्हणावं तर मोहोर जातो. आणि उठून बघावं तर पाय. मी कधी कोणाच्या डोळ्यांनी बाग बघितली नव्हती.

संध्याकाळी ती माझ्या नातवाची फूटपट्टी घेऊन आली. तिनं पट्टीचेच दोन फोटो काढले होते. परवाच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत या कडेपासून त्या कडेपर्यंत पाच सेंटीमीटर मावले होते. आजच्या अंतरावरून काढलेल्यात जेमतेम अडीच.

"परवा मी लांब होते. आज लेन्स जाईल तितकी जवळ नेली. पट्टी वाढली का?"

 मग तिनं लेन्सवरचे आकडे दाखवले, एकास दोन, एकास एक. कॅमेऱ्याच्या आत पोस्टाच्या तिकिटाएवढी काच असते, तिच्यावर चित्र पडतं. एकास एक म्हणजे किडा जेवढा, तेवढंच काचेवरचं चित्र. एकास दोन म्हणजे त्याच्या निम्मं. त्यापुढे ताणतो तो टीव्ही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण जमिनीचा नकाशा मला कळतो. त्यात अख्खा कातळ बोटभर होतो, आणि कुंपणाचा दगडी गडगा हलला नाही तर बांधावरून कोणी भांडत नाही. इथं कातळाच्या जागी किडा, आणि तो आखडत नाही, जसाच्या तसा उतरतो. एवढंच.

"म्हणजे किडा तेवढाच आहे," मी म्हटलं.

"तेच तर मघापासून सांगतेय."

"तू पट्टी आता आणलीस. आधी आणायची होतीस." हार मानायची सवय मला नाही.

तरी विचारलं, पानांना तुडतुड्यांनी सोडलेला चिकटा आहे का? नाही म्हणाली. एका घोसावर किती दिसतात? कुठे एखादा, शोधावा लागतो. मग फवारणी नको. हे मी ठरवलं, कॅमेऱ्यानं नाही.

मुलाला फोनवर तेच सांगितलं. तो म्हणाला, "बरं, या वर्षी राहू दे."

या वर्षी. पुढच्याचं तो बोलला नाही.

आता ती रोज पट्टी मोहोराशी धरूनच फोटो काढते. मोहोराचा दाणा न् दाणा दिसतो, केसाएवढी लव दिसते. काल मी म्हटलं, "हे पुरे झालं. आता जरा मागे सर. अख्खं झाड दाखव."

"झाड एकास एक नाही व्हायचं, बाबा. तिकिटावर मावत नाही."

"मग मला वर न्या."

"डॉक्टर हो म्हणाले की नेऊ."

तिनं टीव्ही बंद केला. काळ्या काचेत खाट दिसली, आणि खाटेवर मी, बोटभर.