उजवा अंगठा

संध्याकाळी जेवायच्या आधी मी सरूचे पाय रोजच्यासारखे गुडघ्यातून दुमडले, सरळ केले. जिन्यावरून पडून माझ्या बायकोचा मणका मोडला, त्याला वर्ष झालं होतं. कमरेखाली सगळं बधिर.

"कळतंय का काही?" मी विचारलं.

"कळलं असतं तर लाथ नसती घातली तुम्हाला?"

तेवढ्यात तिच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. आपोआप. तिला ते दिसलं नाही आणि मीही बोललो नाही. नुसता झटकाही असतो, फसू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. उद्या पुन्हा हलला की सांगू, असं मी ठरवलं.

शेवग्याची फांदी तोडून मातीत खोचली तरी फुटते. माणसाच्या पाठीतली नस मात्र फुटता फुटत नाही. पाय हलवत राहा, नसेला वाट सापडेल, असं डॉक्टर सांगायचे. सापडलीही असेल. सांगायचं मीच उद्यावर ठेवलं.

रात्रीत झोपेतच सरू गेली. सकाळी तिचा भाऊ रीतीप्रमाणे तिच्या पायांचे दोन्ही अंगठे सुतळीनं एकत्र बांधायला बसला. पहिली गाठ पडली तसा मी त्याचा हात धरला.

"दाजी, बांधावेच लागतात."

"उजवा नको," मी म्हणालो, आणि गाठ सोडली.