न पलटलेला ढीग

मी तसा तोंडाळ माणूस. कुणी कामात कसूर केली की माझं डोकं फिरतं. म्हणूनच हे सांगताना लाज वाटायलीय, कारण कसूर माझीच होती.

माझं घर नौबादला, अन् काम शहराबाहेर, सांडपाण्याच्या गाळाचं खत करायचं. गाळ तुरीच्या भुसकटात मिसळून ढीग लावायचा. सगळं शहर गोळ्या खातं, त्यांचा अंश गटारात येतो, अन् तिथले जंतू औषधाला दाद न द्यायला शिकतात. जंतू मेला तरी त्याचा हा गुण गाळात उरतो, दुसरा जंतू तो उचलतो. ढीग बरेच दिवस हात भाजेल इतका तापला तरच तो गुण बराचसा मोडतो. पण वरचा थर गारच राहतो. म्हणून पलटी मारायची, बाहेरचं आत घालायचं, अन् तारीख ढिगापाशी पाटीवर खडूनं लिहायची.

यंदा पलटी नेमकी येळवशीला आली. त्या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव शेतात, मातीची पूजा करून भज्जी-आंबील खायला. ढीग पलटणारे अण्णा म्हणाले, "हे बी मातीच की साहेब. आज हिला फावडं लावत न्हाई मी."

खरं सांगतो, मला बरंच वाटलं. मलाही अक्काच्या शेतात जायचं होतं. पुढं वरचे अधिकारी बघायला येणार म्हणून मी पाटीवर पलटी लिहून टाकली. नंतर मारू म्हटलं, अन् ती राहिलीच.

अक्का माझी थोरली बहीण. मन्नाएखेळ्ळीजवळ तिचं मेथी-कोथिंबिरीचं रान. गेल्या साली पायाला खुरपं लागून जखम चिघळली. एकामागून एक औषधं दिली, एकाचाही गुण आला न्हाई. पायाची दोन बोटं गेली. डॉक्टर अख्खा पाय काढायचं बोलले, तवा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलोय. शेवटी पाय कसाबसा वाचला.

तीच अक्का परवा ट्रॅक्टर घेऊन खत न्यायला आली. अण्णांनी फावडं उचललं. मी ढिगात तापमापीची सळई घातली. मधी ऊन, कडंला गार.

"भरू नका अण्णा."

"कामून?" अक्का म्हणाली. "पाटीवर पलटी लिवलीया की."

खत अजून पिकलं न्हाई म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण तिच्या पायाकडं नजर गेली.

"ते मी खोटं लिवलंय, अक्का."

अण्णा फावडं टेकवून बाजूला झाले. अक्कानं पाटीकडं बघितलं.

"आन् दिवाळीला नेलं ते? त्याच्यावर कोथिंबीर उभी हाय माझी. लोक कच्ची खायलेत."

"ते पलटलेलं हाय. दर पलटीला मी सोता उभा होतो. आईची आण."

"तवा बी पाटीवर असंच लिवलं होतास," ती म्हणाली अन् रिकामी ट्रॉली घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींचा फोन आला. "उजाडल्यापासून कोथिंबीर उपटायलीय ती. काय सांगितलास तिला?"

"थांबवा दाजी, ते खत चांगलं हाय."

"माझं ऐकंना. तूच येऊन सांग."

मी गेलो. बांधावर उभं राहून पुन्हा पुन्हा सांगितलं. ती मान वर न करता उपटत राहिली.