ट्रकच्या पुढ्यातला माणूस

रिसोडच्या बाजारात एकानं चुकीच्या बाजूनं टेम्पो घातला, माझ्या गाडीचा आरसा उडवला आणि वर पोलिसाला सांगितलं की मीच फोनवर बोलत होतो. फोन माझ्या खिशात होता. मी भर रस्त्यात त्याच्या कानाखाली दोन दिल्या. मागं गाड्यांची रांग लागली आणि दोघांचेही परवाने गेले. ते परत हवे तर वाशीमला एक दिवसाचा वर्ग करून शिक्षकाच्या सहीचं प्रमाणपत्र आणायचं होतं. माझी वांगी तोडणीला आली होती आणि दुसऱ्याच्या गाडीनं बाजारात जात होती. त्या सहीसाठी मी गेलो. तो टेम्पोवालाही पहिल्या बाकावर वही घेऊन बसलेला.

ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला किती अंतर लागतं, हे शिक्षक सकाळभर सांगत होता. मी घासाघीस करूनच इथवर आलेला माणूस. सवयीनं बोलून गेलो, "एवढं कायले लागते? थोडं कमी धरा."

"ब्रेकसोबत भाव करता येत नाही, काका."

सगळ्यांत मोठ्यानं टेम्पोवालाच हसला.

ट्रकच्या अगदी पुढ्यातलं ड्रायव्हरला दिसत नाही, हे दाखवायला दुपारी मैदानात मला ट्रकच्या केबिनमध्ये चढवलं आणि टेम्पोवाल्याला बंपरला लागून उभं केलं. खरंच दिसेना. एवढा धिप्पाड माणूस, पण काचेपुढं नुसतं मैदान. मला फार बरं वाटलं.

"आता तुमी एक एक पाऊल मागं सरका," शिक्षक त्याला म्हणाला. "काका, दिसले की सांगा."

पाचव्या पावलाला त्याचं टक्कल दिसलं. मी म्हणालो, "नाही."

दहाव्यालाही नाही. पंधराव्याला तो ओरडला, "डोये गेले काय बे तुह्ये?" सतराव्याला त्याचा पाय मागच्या नालीत गेला, घोट्यापर्यंत.

"आता दिसला," मी म्हणालो.

मग तो वर चढला आणि मी खाली उभा राहिलो. 'नाही, नाही' म्हणत त्यानं मला नाली ओलांडायला लावली आणि पलीकडच्या बाभळीच्या काट्यांत नेऊन उभं केलं.

शिक्षकानं पेन खिशात ठेवला. "मोठा माणूस पाचव्या पावलाले दिसते. लेकरू त्याच्याही मागं गेलं तरी दिसत नाही, एवढंच सांगाचं होतं मले. दोघंही उद्या परत या."

वांगी आणखी एक दिवस दुसऱ्याच्या गाडीनं गेली. शिक्षकाचं ते लेकराचं बोलणं मनात राहिलं. आजही गाडी काढण्याआधी मी उतरून पुढं बघतो. पण त्या रात्री मात्र, उद्या टेम्पोवाल्याचाही टेम्पो दारात उभाच राहणार, तेवढ्या विचारावर मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.