बिनतळाचं स्टेशन

मिरजगावात काकासाहेबांइतका भित्रा माणूस दिवा घेऊन शोधला तरी दुसरा सापडला नसता. नाव काकासाहेब, मिशा झुपकेदार, पण कुत्रं आडवं आलं की स्वारी निमूटपणे मागच्या आळीतून घरी यायची. शिडीची भीती म्हणून दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम त्यांनी कधी घेतलं नाही. जमिनीवर मांडी घालून होईल तेवढंच करायचं. गणपतीची मखरं, गौरींचे महाल, लग्नाच्या रुखवतातले बंगले. त्यात मात्र त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

या सगळ्या भीत्यांची आई एकच होती. लहानपणी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात सरपणासाठी हात घातला आणि विंचू डसला. पोरगं गुरासारखं ओरडलं. सूज उतरल्यावर चुलता हसत म्हणाला, "इंचू चावला, वाघ न्हाई! जा, सरपन आन." पोरगं गेलं नाही, आणि त्याच्याबरोबर त्या ढिगापर्यंत कुणी आलंही नाही. तेव्हापासून जिथलं आतलं दिसत नाही, तिथं काकासाहेबांनी हात घातला नाही. खुंटीवरच्या सदऱ्याचा खिसासुद्धा ते आधी बाहेरून थोपटून बघत. कोनाड्यातली काडेपेटी त्यांना बायको, रंगुबाई, काढून देई.

"माझ्या माघारी तुमची चूल कोन पेटवनार वो?" ती विचारायची. काकासाहेबांना या प्रश्नाचीही भीती वाटायची.

अशा माणसाकडे भादवा संपता संपता रविराज आला. रविराजचं हायवेला गार्डन हॉटेल. हिरवळीवर जेवायची टेबलं, आणि कडेकडेने रुळांवर फिरणारी बॅटरीची छोटी आगगाडी, घोट्याच्या थोडी वर येईल एवढी. गिऱ्हाइकांची पोरं तिच्यामागं पळत आणि आईबाप निवांत जेवत. पण रविराजच्या सहा वर्षांच्या लेकीने, संस्कृतीने, हट्ट धरला होता की स्टेशनच नाही तर गाडी थांबणार कुठं? प्रश्न बिनतोड होता.

"काका, जुन्या काळातलं पायजे," रविराज म्हणाला. "दगडी, वर कौलं, पिवळी पाटी. इंग्रजांनी बांधल्यावानी."

मिरजगावला रेल्वे नाही. म्हणून काकासाहेब एसटीने श्रीगोंद्याकडे जाऊन एक जुनं स्टेशन डोळ्यांखालून घालून आले. मालगाडी धडधडत गेली तेव्हा त्यांनी फलाटावरच्या खांबाला मिठी मारली होती. पण त्या मिठीत खांबाची जाडी, त्याच्या माथ्यावरची नक्षी आणि छपराला ठोकलेल्या फळीची दातेरी कड, सगळं ध्यानात राहिलं. भ्यालेल्या माणसाला जरा जास्तच दिसतं.

मग ओसरीवर काम मांडलं. पुठ्ठ्यावर पुठ्ठा, मधे जुन्या लुगड्याचं फडकं, आणि चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. वरून खडूची भुकटी आणि डिंक कालवून लेप. लेप वाळल्यावर स्पंजाच्या तुकड्याने करडा रंग असा टिपला की रंगुबाईने बोट लावून बघितलं, खरंच दगड आहे का म्हणून. कौलं एकेक कापून गेरूच्या रंगात बुडवली. पाणी लागू नये म्हणून सगळ्यावर व्हार्निशचे हात मारले. आत एक छोटा बल्ब बसवला. लाकडाचा बोटभर स्टेशनमास्तर कोरला, पांढऱ्या कपड्यातला. गाडी आली की संस्कृतीने दारातून हात घालून त्याला बाहेर काढायचं, गाडी गेली की आत ठेवायचं, असं ठरलं. म्हणून दार मुद्दाम ऐसपैस केलं.

खळीत मोरचूद घालायची रीत आहे, कीड आणि उंदीर लागू नयेत म्हणून. काकासाहेबांनी पुडी सोडली आणि थांबले. मोरचूद म्हणजे विषच. पोर लहान, हात लावणार, तोच हात तोंडात घालणार. त्यांनी पुडी परत बांधली. स्टेशनला तळही केला नाही, कारण मखराला तळ नसतोच. मखर टेबलावर ठेवायचं आणि विसर्जनानंतर मोडायचं. हातांना जी सवय होती तेच हातांनी केलं.

दसऱ्याच्या आधी स्टेशन हिरवळीच्या टोकाला, उघड्या मातीवर बसलं. मागं तारेपलीकडे बाजरीचं रान. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'मिरजगाव'. लोक फोटो काढून पाठवायला लागले, मिरजगावला रेल्वे आली म्हणून. काकासाहेब लांब खुर्चीत बसून ते बघायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं काम दहा दिवसांपेक्षा जास्त टिकणार होतं.

दिवाळीच्या सुट्टीतली संध्याकाळ. दिवेलागण होत होती. रंगुबाई ओसरीवरून ओरडली, "बगा, तुमच्या खळीचं पातेलं! उंदरांनी पार चाटून पुसून ठेवलंया. बाजरी निघाली न् सगळी उंदरं घरात घुसली."

काकासाहेब पणत्या लावत होते.

"ह्यात मोरचूद न्हाई घातलं का?" तिने विचारलं.

"न्हाई. ठेसनाच्या खळीचंच वाळकं उरलंसुरलं हुतं."

"मग खानारच की. आन उंदीर आला म्हंजे मागनं लांबडं येतंच." दिवेलागणीला त्या प्राण्याचं खरं नाव घ्यायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं.

काकासाहेबांच्या हातातल्या काडीने बोट भाजलं तरी त्यांना कळलं नाही. स्टेशनच्या भिंतीत सगळी गव्हाची खळ, मोरचुदाशिवाय. खाली तळ नाही, नुसती माती. मागं कापलेली बाजरी. आत बल्बची ऊब. उंदरासाठी याहून चांगलं घर कुणी बांधलं नसतं, आणि उंदरामागं येणाऱ्यासाठीही. आणि त्या दारातून रोज संध्याकाळी एक पोर कोपरापर्यंत हात घालत होतं. दार त्यांनीच ऐसपैस केलं होतं.

त्यांनी रविराजला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. दिवाळीच्या गर्दीत कोण उचलतो? त्यांनी भिंतीला टेकवलेली सायकल ओढली.

"अवो, कुटं? अंधारात, हायवेला? तुमी?"

"मीच जातो," काकासाहेब म्हणाले.

हायवेला ते दिवसासुद्धा सायकल घालत नसत. उसाचे ट्रॅक्टर अंगावर येत होते, ट्रकचा वारा सायकल हलवत होता. रामरक्षा त्यांना अर्धीच पाठ होती, तेवढीच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. खरं सांगायचं तर ट्रकची भीती त्या दिवशी वाटलीच नाही. डोळ्यांसमोर नुसता एक छोटा हात होता, बांगड्यांचा, आणि ते काळं दार.

हॉटेलच्या फाटकात सायकल टाकून ते हिरवळीवर धावले. माळा लखलखत होत्या. गाडी स्टेशनात येऊन थांबली होती, आतला बल्ब विझलेला होता, पोरं घोळका करून उभी होती, आणि संस्कृती पालथी पडून दारात हात घालून चाचपत होती.

काकासाहेबांच्या तोंडात किंकाळी आली. ती त्यांनी गिळली. भ्यालेला माणूस दचकतो, दचकला की हात झटकतो, आणि झटकलेल्या हातावरच पहिला डंख बसतो. हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ते हळूच तिच्याशेजारी पालथे पडले.

"काय करतीस गं बाई?"

"मास्तर पडलाय आत," ती म्हणाली. "सापडत नाहीये. आजोबा, तो घोरतोय. ऐका ना."

काकासाहेबांनी ऐकलं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा फुसफुस आवाज, आतून, थांबून थांबून. घोणस.

"झोपलाय व्हय," ते म्हणाले. कसे म्हणाले, देव जाणे. "मग त्याला उठवू नगं. झोपलेल्या लेकराजवळनं आई कशी हात काडती, तसा काड. हळू. बांगडी वाजू द्यायची न्हाई हां."

पोरीला खेळ वाटला. ती ओठ दाताखाली धरून हात मागं घ्यायला लागली. कोपर बाहेर आलं. मनगट आलं. आत फुसफुस वाढली, पोरगी थांबली. मग बोटं बाहेर आली. त्यांनी तिला उचललं आणि छातीशी घट्ट धरून असे पळाले की दोन टेबलं उलथली.

नंतर वेटरने लांब बांबूने स्टेशन कलंडवलं. भिंती आतून कुरतडलेल्या, बल्बची वायरही तोडलेली, मातीत उंदरांची बिळं, आणि मधोमध मास्तराला वेटोळं घालून मनगटाएवढी जाड घोणस. लोक किंचाळत मागं सरले. सर्पमित्र येऊन तिला बरणीत घेऊन गेला, तोवर काकासाहेब फाटकाजवळ बसून ओकत होते.

"काका, तुमाला भित्रा कोन म्हनतं?" रविराज त्यांचे पाय धरून रडत होता.

"मीच बांदलं तिला घर," काकासाहेब म्हणाले. ते कुणी ऐकलं नाही.

तुळशीच्या लग्नाला नवं स्टेशन उभं राहिलं. या वेळी भिंती प्लायवूडच्या आणि तळ जाड पत्र्याचा, चारी बाजूंनी ठोकलेला. काकासाहेबांनी तळ वाजवून दाखवला, कड फिरून फिरून तपासली. गाडी आली, थांबली.

संस्कृती लांब उभी होती. हात पाठीमागे बांधलेले.

"जा की," रविराज म्हणाला. "आता काय न्हाई आत." कुणीतरी हसलं. "एवडी घाबरती व्हय!"

ते हसणं काकासाहेबांनी ओळखलं. पऱ्हाट्यांच्या ढिगापाशी तेच हसणं होतं. पोरीच्या पाठीमागचे हात त्यांनी बघितले. हे पोर आता जन्मभर सदऱ्याचे खिसे थोपटत राहणार.

ते उठले. स्टेशनपाशी गुडघे टेकले. आत बल्ब लावलेला नव्हता, दार काळंमिट्ट होतं. आत काही नाही हे त्यांच्या डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि हात आत घातला, कोपरापर्यंत. हात एवढा थरथरत होता की सगळं स्टेशन हलायला लागलं, पिवळी पाटी खडखडली.

संस्कृती जवळ आली. "आजोबा, तुमचा हात कापतोय."

"व्हय. लई कापतोय."

"मग बाहेर काढा ना."

"मास्तर घावत न्हाई," काकासाहेब म्हणाले. "जरा बगतीस का?"

तिने वाकून काळ्या दारात बघितलं. मग ती त्यांच्याशेजारी पालथी पडली, आणि त्यांच्या हाताला धरून धरून तिचा छोटा हात हळूहळू आत आला.