ओंडक्यातलं मेण

"टीचर गेली," एवढंच बोलून फेलिक्सभाऊंनी फोन ठेवला. बायकोला ते कायम टीचरच म्हणायचे. मी फुलपाड्याहून पापडीला पोचले तोवर ग्रेसीला पेटीत निजवलं होतं आणि ओटीवर एक बाई दुसरीच्या कानाला लागली होती, "उपचार सोडले हो तिने. जरा लढली असती तर..." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लढणं कशाला म्हणतात ते बघितलंय का तुम्ही कधी?" मी इतक्या जोरात ओरडले की आतली प्रार्थना थांबली. मयताच्या घरात भांडणारी बाई म्हणून आता त्या आळीत माझं नाव झालंय. होऊ दे. ग्रेसी खूश झाली असती.

आम्ही एकाच शाळेत शिकवलं, एकाच बाकावर डबे खाल्ले. घरामागे तिची मोगऱ्याची वाडी. शाळेआधी, उजाडायच्याही आत ती कळ्या खुडायची. संध्याकाळी उमलणारी कळी कुठली आणि कच्ची कुठली, हे तिला अंधारात नुसत्या बोटांनी कळायचं. पहिल्यांदा कॅन्सर निघाला तेव्हा तिने काहीही नाकारलं नाही. उजवा स्तन काढला, केस गेले, त्या बाजूचा हात सुजून खांबासारखा झाला. आणि केमोने बोटांची टोकं बधिर झाली. "वैशाली, कप हातात आहे की सुटलाय ते मला बघून कळतं गं," ती म्हणाली होती. त्या दिवशी तिने तो कप भिंतीवर फेकून मारला. पुढे वर्ष-दीड वर्षात बोटं थोडी परत आली. ती पुन्हा वाडीत जायला लागली आणि नेमका तेव्हाच आजार यकृतात निघाला.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. आता हा जाणार नाही; पुन्हा केमो घेतली तर काही महिने वाढू शकतील, पण अंगाला त्रास होईल, बोटंही पुन्हा बधिर होतील. नाही घेतली तर दुखणं आटोक्यात ठेवायचे उपचार चालू राहतील. ग्रेसी मला म्हणाली, "जास्तीचे महिने देतायत, पण त्यात मीच नसणार... ते घेऊन काय करू?" फेलिक्सभाऊंना यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. त्यांनी केमोची तारीख घेतली आणि नवस बोलून मेणाचा स्तन आणला. आमच्याकडे देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, जत्रेत मेणाचे हात, पाय, डोळे मिळतात. जो अवयव दुखतो तो नेऊन वाहतात. हॉस्पिटलच्या वाटेवर तो वाहायचा असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं.

त्या सकाळी मी तिथेच होते. रिक्षा दारात उभी. ग्रेसी म्हणाली, "मी येत नाही." फेलिक्सभाऊंनी तिचा हात धरून तिला खेचलं, तोच, सुजलेला. ती किंचाळली. मी त्यांच्या पाठीत बुक्के मारले, तरी सोडेनात. "तुला मरायचंय? मी मरू देनार नाय!" ग्रेसीने हिसडा देऊन हात सोडवला, त्यांच्या पिशवीतून तो मेणाचा स्तन काढला आणि परसात नारळ सोलायच्या ओंडक्यावर ठेवला. डाव्या हाताने कोयता उचलून तिने असा घाव घातला की पातं लाकडात रुतलं आणि मेणाचे तुकडे परसभर उडाले. "उजवा दिलाय मी आधीच! हे माझं नाही. तुझ्या देवाला काय द्यायचं ते तुझं दे!" फेलिक्सभाऊ मटकन खाली बसले. रिक्षा रिकामी गेली.

तो उन्हाळा तिने वाडीत काढला. रोज नाही जमायचं, पण जमेल तेव्हा डोळे मिटून खुडायची, चुकली की मोगऱ्यालाच शिव्या घालायची. मात्र शेवट सोपा झाला, असं लिहिणार नाही. एकदा मॉर्फिनच्या गोळ्याही पुरेनात आणि तिच्या ओरडण्याने शेजारी जमा झाले. फेलिक्सभाऊ माझ्या अंगावर धावून आले, "बाई, तुमाला हेच पायजे होतं ना?" आतून ग्रेसीच ओरडली, "तिला काय बोलतोस? मी ठरवलं. आत्ता विचारलंस तरी हेच सांगेन!" डॉक्टरांनी औषध वाढवलं, मग ती झोपली. पण केमो घेतली असती तर... हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही. तिच्या बोटांसाठी मी तिच्या बाजूने उभी राहिले, पण मला ती हवी होती, बोटं कशीही असती तरी.

परवा तिच्या महिन्याची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर मी त्यांच्या परसात गेले. फेलिक्सभाऊ वाडीतून टोपली घेऊन आले. त्यात कच्च्या आणि उमलणाऱ्या कळ्यांची सरमिसळ होती. "डोळे मिटून बघितलं," ते म्हणाले, "मला नाय कळत." नारळ ते आता पायरीवर सोलतात. ओंडका तसाच पडून आहे, कोयत्याच्या खाचेत पांढरं मेण घट्ट बसलंय. मी सहज ते नखाने उकरायला गेले, तर फेलिक्सभाऊ जोरात ओरडले, "हात लावू नका! तिचं आहे ते." मी हात मागे घेतला.