खोक्यात डिस्क नव्हती

बहिणीची दहावीची परीक्षा संपली तेव्हा मी तिला शब्द दिला होता की सुट्टीत तिला ट्रक चालवायचा गेम आणून देईन. आमचे वडील फौजेत ड्रायव्हर होते. घाटातल्या बर्फात गाडी कशी काढली हे ते इतक्यांदा सांगत की तिला स्वतः गाडी चालवून बघायची होती. घरी साताऱ्याच्या एका ऑफिसातून विकत घेतलेला जुना कॉम्प्युटर होता, त्यात डिस्क चालायची.

मी सांगलीला कॉलेजात होतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला पहिलाच. 'कमवा आणि शिका' योजनेत लायब्ररीतली पुस्तकं लावून मिळालेल्या पैशांतून गेम घ्यायचा होता.

"डाऊनलोड कर की गड्या," खोलीतला मित्र म्हणाला. "डिस्क आता कोण घेतंय? स्वस्त पण पडतंय."

"घरी नेट लय बेताचं हाय रं."

"मग पेन ड्राईव्हवर ने."

त्याचं बरोबर असेलही. पण एसटीतून उतरल्यावर माझ्या हातात काहीतरी असावं, असं मला वाटत होतं. घरात आजवर जे काही आलं, पिठाची चक्की असो की माझी पुस्तकं, ते आधी देवापुढं गेलं. पेन ड्राईव्हमधला गेम देवापुढं कसा ठेवायचा? हे मित्राला सांगायला मात्र मला लाज वाटली.

तीन दुकानं फिरल्यावर एकाकडं गेमचं खोकं मिळालं. प्लॅस्टिकमध्ये बंद, वर लाल ट्रक. दुकानदारानं साध्या चिठ्ठीवर पावती लिहून दिली. खोक्याच्या मागं बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही.

घरी खोकं देवापुढं ठेवलं. आई म्हणाली, "बंद डब्याला कसलं कुंकू लावायचं? वस्तू बाहीर काढ."

बहिणीनं प्लॅस्टिक फाडलं. आत डिस्क नव्हती. एक पातळ कार्ड होतं आणि त्यावर करडी पट्टी. पट्टी खरवडून येणारी अक्षरं कॉम्प्युटरवर घालायची आणि गेम डाऊनलोड करून घ्यायचा, असं कार्डावर लिहिलं होतं.

वडील खोकं उलटं करून बघत फौजी भाषेत म्हणाले, "सामान चेक न करता घेतलंस? तुला खाली डबा इश्यू केलाय रं."

मला रडू येईल असं झालं. ज्या डाऊनलोडला नको म्हटलं, तेच मी जास्त पैसे देऊन खोक्यात घालून आणलं होतं. तरी वडील म्हणाले, तिघांच्या फोनचं नेट लावू, आठ दिवस लागू देत. मग मी नाण्यानं पट्टी खरवडली. तेवढ्यात आई ताटली घेऊन आली. डिस्क नाही म्हटल्यावर तिनं कार्डालाच हळद आणि ओलं कुंकू लावलं. नेमकं अक्षरांवर.

"आई, अगं!" म्हणत मी ते शर्टाच्या बाहीनं जोरात पुसलं. कुंकू गेलं. त्याबरोबर मधली तीन अक्षरंही गेली.

मग मी आणि बहीण उरलेल्या पुसट खुणांवरून अंदाज बांधत बसलो. बी की आठ? शून्य की ओ? पाच वेळा चुकल्यावर पडद्यावर लिहून आलं की आता नंतर प्रयत्न करा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर अक्षरं घालायची चौकटच उघडेना.

सांगलीला परत गेल्यावर दुकानात गेलो. दुकानदारानं कार्ड उजेडात धरलं. "हे काय रं? गेमची सत्यनारायणाची पूजा घातलीस व्हय?" दुकानातले सगळे हसले. उघडलेला माल परत न्हाई, असं सांगून त्यानं कार्ड माझ्या हातात दिलं.

कंपनीला इंग्रजीत मेल लिहिला. तीन वेळा खोडून लिहिला. कुंकू कसं लिहायचं ते सुचेना म्हणून लाल रंग सांडला असं लिहिलं. उत्तर आलं की कार्डाचा स्वच्छ फोटो आणि पक्की पावती पाठवा. माझ्याकडं दोन्ही नव्हतं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर आलं, शब्दसुद्धा तेच. यात बहिणीची सुट्टी संपली आणि ती अकरावीसाठी फलटणला जायला लागली.

आई सगळ्यांना सांगायची, "कंपनीनं माझ्या पोराला फशिवलं." कुंकू पुसताना अक्षरंही गेली हे तिच्या लक्षात आलं नव्हतं आणि मी तिला सांगितलं नाही. सांगायला गेलो तर कुंकवाचाही विषय निघाला असता. बहीण फोनवर म्हणाली, "दादा, आईला कळू देऊ नगंस हं. ती जिवाला लावून घेईल."

खंडेनवमीला घरी गेलो. वडिलांचे नट आवळायचे पाने, विळा, कॉम्प्युटर, सगळं ओळीनं मांडलं होतं. त्यात आईनं ते खोकंही ठेवलं होतं. कुंकवाचं बोट वर धरून तिनं विचारलं, "आजबी आतलं बाहीर काढू का?"

बहीण माझ्याकडं न बघता म्हणाली, "नको आई. वरूनच लाव."

आईनं ट्रकच्या चित्राला कुंकू लावलं. मी हात जोडून उभा होतो. सांगायचं होतं, ते तेव्हाही सांगता आलं नाही.